रोज दोन लिटर कोला आणि 2.4 पोटॅशियम : मोनॅकोतील एका प्रकरणाचा अभ्यास

जून 2013 मध्ये अथेन्स येथे युरोपियन हार्ट ऱ्हिदम असोसिएशनची परिषद भरली होती. तीत मोनॅकोच्या प्रिन्सेस ग्रेस रुग्णालयातील डॉ. नाइमा झारकान यांनी एका 31 वर्षांच्या स्त्रीचे प्रकरण मांडले. ही स्त्री शुद्ध हरपून कोसळली होती, पडताना तिला इजा झाली होती आणि त्या अवस्थेत तिला रुग्णालयात आणण्यात आले होते. तिच्या घराण्यात कोणाला अकस्मात मृत्यू आल्याचा इतिहास नव्हता. रक्ततपासणीत पोटॅशियमची पातळी 2.4 मिलिमोल (अणुरेणूंच्या संख्येवरून प्रमाण सांगणारे एकक) प्रति लिटर आढळली. सामान्य मर्यादा 3.5 ते 5.1 अशी धरलेली होती. हृदयाच्या ईसीजी आलेखात क्यूटी अंतर, हृदयगतीनुसार दुरुस्त केल्यानंतर, 610 मिलिसेकंद भरले. चयापचयाचा अथवा संप्रेरकांचा कोणताही दोष चाचण्यांत सापडला नाही. खाण्यापिण्याची चौकशी केल्यावर मात्र असे समजले की वयाच्या पंधराव्या वर्षापासून तिने पाणी पिणे सोडून दिले होते आणि तहान भागवण्यासाठी ती केवळ कोला पीत असे, तोही रोज सुमारे दोन लिटर. कोला बंद केल्यानंतर एका आठवड्याने तिचे पोटॅशियम 4.1 झाले आणि क्यूटी अंतर 430 मिलिसेकंदांवर आले.

कॅफीनमुळे रक्तातील पोटॅशियम घटते, या विधानाच्या समर्थनार्थ हे प्रकरण वारंवार सांगितले जाते. पोटॅशियमची ही उतरलेली पातळी आणि तो रोजचा कोला यांचा संबंध होता, याविषयी शंका घेण्याचे कारण मलाही दिसत नाही. परंतु त्या कोलातील कॅफीनचे माप काढले आणि त्या मापाला काय करता येते हे पाहिले, तर एकट्या कॅफीनवर ठेवलेला आरोप टिकत नाही. पुढील विवेचन या एका मुद्द्यासाठी आहे.

आकड्यांचा अर्थ

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 3,000 मिलिमोल किंवा त्याहून थोडे अधिक पोटॅशियम असते. त्यातील जवळजवळ 98 टक्के पेशींच्या आत, मुख्यतः स्नायूंमध्ये, साठवलेले असते आणि पेशींबाहेरच्या द्रवात जेमतेम 60 ते 70 मिलिमोल उरते. प्रयोगशाळा मोजते ते हे बाहेरचे पोटॅशियम. दुकानाच्या गल्ल्यातील रोकड पाहून गोदामातील मालाचा अंदाज बांधावा, तशातला हा प्रकार आहे. त्यामुळे रक्तातील पातळी खाली आल्याचे दिसले की वैद्याला पहिला प्रश्न असा पडतो की पोटॅशियम शरीराबाहेर गेले, की बाहेरच्या द्रवातून उचलून पेशींच्या आत नेले गेले. पहिल्या स्थितीला खरी तूट म्हणता येईल आणि दुसऱ्या स्थितीला नुसते स्थलांतर. दोन्हींत अहवालावरचा आकडा एकच असू शकतो, पण उपचार आणि धोका निराळे असतात.

खऱ्या तुटीचा ढोबळ हिशोब असा सांगितला जातो की रक्तातील पातळी एका मिलिमोलने उतरण्यासाठी शरीरातील साठा साधारण 200 ते 400 मिलिमोलने घटावा लागतो. या हिशोबाने 4.1 वरून 2.4 पर्यंतची घसरण म्हणजे काहीशे मिलिमोलची तूट. सोळा वर्षांच्या सवयीपुढे हा आकडा मोठा नाही. रोजच्या आवक-जावकेत केवळ 10 मिलिमोलची तफावत राहिली, तरी दीड-दोन महिन्यांत एवढी तूट साचू शकते. म्हणजेच येथे एखाद्या जोरदार कारणाची गरज नाही. बारीक, पण कधी न थांबणारी गळती पुरेशी आहे. या प्रकरणाचा विचार करताना ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

क्यूटी अंतराचा आकडा अधिक भीतिदायक आहे. हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे स्नायू विद्युतदृष्ट्या उत्तेजित होऊन पुन्हा मूळ स्थितीत येण्यास जो वेळ लागतो, त्याचे हे माप आहे. स्त्रियांमध्ये दुरुस्त क्यूटी साधारण 460 मिलिसेकंदांपर्यंत सामान्य धरतात आणि 500 च्या पुढे गेल्यास घातक लयदोषाची शक्यता ठळकपणे वाढलेली मानतात. पेशींबाहेर पोटॅशियम कमी झाले की पेशींतून पोटॅशियम अधिक वेगाने बाहेर पडावे, असे वरवर पाहता वाटते. परंतु हृदयपेशींतील ज्या वाहिनीतून हा प्रवाह वाहतो, तिचे कार्य बाहेरच्या पोटॅशियमवरच अवलंबून असल्याने ते कमी होताच प्रवाह मंदावतो. पेशी मूळ स्थितीत येण्यास उशीर करते, त्या उशिराच्या काळात अवेळी ठिणग्या पडू लागतात आणि 'टॉर्साद द प्वांत' नावाचा पिळवटलेल्या आकाराचा वेगवान लयदोष सुरू होऊ शकतो. तो आपोआप थांबला, तर रुग्ण शुद्ध हरपून पडतो व सावरतो. थांबला नाही, तर हृदय बंद पडते. 610 मिलिसेकंद क्यूटी असलेली व्यक्ती अचानक कोसळली, याचा सर्वांत संभवनीय अर्थ हाच आहे.

येथे एक शंका घेतली पाहिजे. क्यूटी अंतर जन्मतःच लांब असणारे काही आनुवंशिक विकार आहेत आणि त्यांतील सौम्य प्रकार एखादे बाह्य कारण घडेपर्यंत झाकलेले राहतात. पोटॅशियम सुधारताच क्यूटी 430 पर्यंत खाली आले, यावरून ठळक स्वरूपाच्या जन्मजात दोषाची शक्यता मागे पडते. अंगी असलेला थोडा कल मात्र त्यामुळे पूर्णपणे नाकारता येत नाही. दोन लिटर कोला पिणारे लोक जगात असंख्य आहेत आणि त्यांपैकी फारच थोडे असे कोसळतात, एवढी गोष्ट तरी या शंकेला बळ देणारी आहे.

कॅफीनवरचा आरोप

कॅफीन पोटॅशियमची पातळी खाली आणू शकते, हे औषधशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याचे मार्ग दोन आणि ते एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत.

पहिला मार्ग स्थलांतराचा. कॅफीन शरीरातील अ‍ॅडिनोसिनच्या ग्राहकांना (द्रव्य पेशीवर ज्या जागी चिकटून काम करते, त्या जागांना) अडवते, अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा स्राव वाढवते आणि मात्रा फार मोठी असल्यास पेशींतील फॉस्फोडायएस्टरेज या विकरालाही रोखते. या सर्वांचा परिणाम म्हणून अशा द्रव्यांना दाद देणाऱ्या बीटा-2 ग्राहकांची साखळी चेतवली जाते आणि स्नायूपेशींच्या पटलावरील सोडियम-पोटॅशियम पंप रक्तातील पोटॅशियम आत ओढू लागतो. दम्यावरील साल्ब्युटामॉल ज्या वाटेने पोटॅशियम उतरवते, तीच ही वाट. कॅफीनचा सख्खा नातलग असलेल्या थिओफिलिन या दम्याच्या औषधाच्या विषबाधेतही हेच घडते. कॅफीनच्या गोळ्या किंवा भुकटी ग्रॅमच्या मापात पोटात गेल्यास पोटॅशियम झपाट्याने उतरते, रक्तशर्करा चढते, लॅक्टिक आम्ल साचते आणि हृदयाची लय बिघडते. तेव्हा बीटा-रोधक औषधे आणि प्रसंगी डायलिसिस वापरावे लागते. अशा रुग्णाला पोटॅशियम भराभर देण्यात एक छुपा धोका असतो. कॅफीनचा अंमल उतरला की पेशींत शिरलेले पोटॅशियम परत बाहेर येते आणि कमी असलेली पातळी काही तासांत धोकादायक इतकी वर जाऊ शकते. विषबाधेत स्नायू तुटू लागले असतील, तर त्यांतून सुटणारे पोटॅशियमही त्यात मिळते.

दुसरा मार्ग मूत्रपिंडाचा. मूत्रपिंडाच्या सूक्ष्मनलिकांत अ‍ॅडिनोसिनचा ए-1 ग्राहक सोडियम परत शोषून घेण्यास मदत करतो. कॅफीनने त्याला अडवले की अधिक सोडियम आणि पाणी नलिकेच्या पुढच्या भागात पोहोचते आणि तेथे सोडियम परत घेण्याच्या व्यवहारात पोटॅशियम लघवीत टाकले जाते. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ए-1 ग्राहक नसलेल्या उंदरांना कॅफीन व थिओफिलिन दिले असता त्यांच्यात लघवी आणि सोडियम वाढण्याचा नेहमीचा परिणाम दिसला नाही. या यंत्रणेविषयी एवढा स्वच्छ पुरावा मिळाल्यानंतर वाद फारसा उरत नाही. वाद उरतो तो मात्रेचा.

दोन लिटरांचा हिशोब

प्रचलित कोलाच्या 355 मिलिलिटरांच्या डब्यात सुमारे 34 मिलिग्रॅम कॅफीन असते. म्हणजे लिटरला सुमारे 96 आणि दोन लिटरांना सुमारे 190 मिलिग्रॅम. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2015 मध्ये निरोगी प्रौढांसाठी, गर्भवती स्त्रिया वगळून, दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंतचे सेवन सुरक्षित ठरवले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2024 च्या आहारमार्गदर्शिकेने ही मर्यादा 300 मिलिग्रॅम ठेवली आहे. मोनॅकोतील स्त्रीचे रोजचे कॅफीन या दोन्ही मर्यादांच्या आत बसते. त्याच मार्गदर्शिकेनुसार बनवलेल्या कॉफीच्या 150 मिलिलिटर कपात 80 ते 120 मिलिग्रॅम कॅफीन असते; म्हणजे सकाळ-संध्याकाळ एकेक कप फिल्टर कॉफी पिणारा माणूस तिच्याइतकेच कॅफीन घेतो, आणि अशा माणसाचे पोटॅशियम 2.4 होत नाही.

निरोगी व्यक्तींना वाढत्या मात्रा देऊन केलेल्या एका तपासणीचा वृत्तान्त 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. तीत 45 पासून 360 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन देऊन पाहिले होते आणि रक्तातील पोटॅशियममध्ये लक्षात घेण्याजोगी घट दिसली ती 360 मिलिग्रॅमच्या मात्रेला. तीही मात्रा एका वेळी घेतलेली. कोला पिणारी व्यक्ती मात्र आपले 190 मिलिग्रॅम दिवसभरात घोटाघोटाने घेते. कॅफीन रक्तातून निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात, त्यामुळे कोणत्याही एका क्षणी तिच्या रक्तात असलेले कॅफीन या प्रयोगातील मात्रेच्या जवळपासही जात नसणार.

सवयीचा विचार केला तर कॅफीनची बाजू आणखी दुबळी होते. मूत्रपिंडावरील त्याचा परिणाम नियमित सेवन करणाऱ्यांत बोथट होत जातो. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात कॉफीची सवय असलेल्या 50 पुरुषांना एकदा दिवसाला चार कप कॉफी आणि एकदा तेवढेच पाणी देऊन तुलना केली, तेव्हा शरीरातील एकूण पाण्यात किंवा चोवीस तासांच्या लघवीच्या मापात फरक आढळला नाही. सोळा वर्षे रोज कॅफीन घेणाऱ्या व्यक्तीत ते नव्याने घेतल्यासारखे मूत्रल (लघवी वाढवणारे) ठरेल, असे मानणे म्हणूनच अवघड आहे. सोडियमचे उत्सर्जन मात्र या अभ्यासात कॉफीच्या दिवसांत अधिक होते. म्हणजे सवय झाली तरी परिणाम शून्यावर येत नाही, थोडा शिल्लक राहतो. बारीक गळतीला तो हातभार लावू शकतो, एवढे मान्य करावे लागेल.

स्थलांतराचा मार्गही येथे पुरत नाही, आणि त्याची साक्ष खुद्द या प्रकरणाचे वेळापत्रक देते. पोटॅशियम नुसते पेशींत शिरले असते, तर कोला थांबल्यावर एक-दोन दिवसांच्या आत पातळी आपोआप वर आली असती. 2.4 इतकी खोल पातळी केवळ स्थलांतराने टिकवून धरायला कॅफीनचा मारा सतत आणि जबर असावा लागतो. तिच्या बाबतीत खरी तूटच मुख्य होती, असे समजणे अधिक सयुक्तिक आहे.

साखर, आणि तिने अडवलेली जागा

मोनॅकोच्या डॉक्टरांनी स्वतः एकट्या कॅफीनला जबाबदार धरलेले नव्हते, ही बाब नंतरच्या उल्लेखांत बहुधा गळून जाते. त्यांनी दिलेल्या स्पष्टीकरणाचे दोन भाग होते. कॅफीनमुळे लघवी वाढते आणि पोटॅशियमचे पुनर्शोषण घटते, हा त्यातील एक. दुसरा भाग असा की कोलातील फ्रुक्टोजचे शोषण अपुरे राहिल्यास ते आतड्यात पाणी खेचते, शौचाला पातळ होते आणि त्यातून पोटॅशियम वाहून जाते. ग्रीसमधील इओआनिना विद्यापीठातील डॉक्टरांनी 2009 मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ क्लिनिकल प्रॅक्टिस'मध्ये कोलामुळे पोटॅशियम उतरलेल्या रुग्णांचा आढावा घेतला होता. त्यातही ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि कॅफीन असे तीन घटक एकत्र विचारात घेतले होते.

साखर घातलेल्या कोलात दर 100 मिलिलिटरला सुमारे 10.6 ग्रॅम साखर असते. दोन लिटरांत ती 212 ग्रॅम होते आणि तिच्यापासून सुमारे 850 किलोकॅलरी मिळतात. ही साखर ऊसबिटाची असेल, तर आतड्यात तिचे निम्मे फ्रुक्टोज व निम्मे ग्लुकोज होते. म्हणजे दिवसाला शंभर ग्रॅमहून अधिक फ्रुक्टोज. अनेक निरोगी माणसांची आतडी एका बैठकीत 25 ते 50 ग्रॅम सुटे फ्रुक्टोज दिल्यास पूर्णपणे शोषू शकत नाहीत. सोबत ग्लुकोज असले की शोषण सुधारते, त्यामुळे हे प्रमाण जसेच्या तसे लागू करता येणार नाही. तरी दिवसभराचा एवढा भार पाहता थोडी-थोडी ढाळ लागत राहणे सहज शक्य आहे. ग्लुकोजमुळे स्रवणारे इन्सुलिन पोटॅशियम पेशींत ढकलते, पण तो परिणाम तात्पुरता असतो. ग्लुकोज लघवीत उतरून पोटॅशियम नेते, असाही एक युक्तिवाद केला जातो. मधुमेह नसलेल्या व्यक्तीच्या लघवीत ग्लुकोज उतरत नाही, म्हणून तो येथे बाजूला ठेवलेला बरा.

मला अधिक वजनदार वाटणारा मुद्दा आवकेचा आहे, आणि त्याकडे कोणी फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान 3,510 मिलिग्रॅम, म्हणजे 90 मिलिमोल पोटॅशियम आहारातून मिळावे, अशी शिफारस केली. ते भाज्या, फळे, डाळी, दूध, बटाटे यांतून येते. रोजची 850 किलोकॅलरी भूक कोलाने भागली, तर दोन हजार किलोकॅलरीच्या आहारातील चाळीसेक टक्के जागा अशा पदार्थाने व्यापली, ज्यात पोटॅशियम नावापुरतेच आहे. मूत्रपिंडे सोडियम जितके कसोशीने राखू शकतात, तितके पोटॅशियम राखू शकत नाहीत. आहारातील पोटॅशियम घटले तरी रोज 5 ते 15 मिलिमोल लघवीतून जातच राहते. एरवी निरोगी असलेल्या माणसात केवळ आवक घटल्याने 2.4 पर्यंत घसरण होणे दुर्मीळ असते, हे खरे. परंतु आवक घटलेली, त्यात आतड्यातून थोडी गळती आणि मूत्रपिंडातून कॅफीनने वाढवलेली आणखी थोडी, असे तिन्ही एकाच पेयाने वर्षानुवर्षे घडवून आणले, तर हिशोब जुळतो. यांतील कोणतेही एक कारण काढून घेतले तर तो जुळत नाही.

कॉफीशी तुलना केली म्हणजे हे अधिक उघड होते. कॉफीच्या 240 मिलिलिटर प्याल्यात सुमारे 115 मिलिग्रॅम पोटॅशियम असते आणि चहातही काही प्रमाणात असतेच. मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्या आणि पोटॅशियम वाढण्याचा धोका असलेल्या रुग्णांना कॉफीचे प्रमाण सांभाळण्यास सांगतात, ते यासाठीच. म्हणजे कॅफीनने जे काही बाहेर काढले, त्याची काही भरपाई कॉफी स्वतःच करते. कोला करत नाही.

याविरुद्ध जाणारा पुरावा

माझ्या म्हणण्याला अडचणीत आणणारी एक नोंद जपानमधून 1999 साली प्रसिद्ध झाली होती. उलुंग चहा सवयीने मोठ्या प्रमाणावर पिणाऱ्या एका रुग्णाचे पोटॅशियम उतरले आणि रुग्णाची शुद्ध हरपली. या चहात साखर नसते, फ्रुक्टोज नसते, उलट पोटॅशियम थोडेफार असते. मग येथे कॅफीनखेरीज दोष कोणाला द्यायचा? 2001 मध्ये गर्भवती स्त्रीतील कॅफीनजन्य पोटॅशियमन्यूनतेमुळे स्नायूंना आलेल्या लुळेपणाची नोंदही प्रसिद्ध झाली होती. गर्भारपणाच्या उत्तरार्धात कॅफीनचा निचरा फार मंदावतो, त्यामुळे तेवढेच कॅफीन रक्तात कितीतरी जास्त वेळ राहते, आणि यामुळे गर्भवतींमधील प्रकरणांत कॅफीनचा वाटा मोठा धरणे योग्य ठरते. थायरॉइडचा स्राव वाढलेल्या आशियाई पुरुषांमध्येही पोटॅशियम एकाएकी पेशींत शिरून हातपाय लुळे पडण्याचे झटके येतात. अशा व्यक्तींच्या बाबतीत थोडेसे कॅफीन किंवा गोड जेवणही पुरेसे ठरू शकते. तेव्हा कॅफीन निर्दोष आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. निचरा मंद असलेल्या, अंगात आधीच कमतरता असलेल्या किंवा आणखी एखादे कारण सोबत असलेल्या माणसात त्याचा हात मोठा असू शकतो. मोनॅकोच्या रुग्णात असे जोडीचे कारण कोलाच्या बाटलीतच होते.

ऑस्ट्रेलियातील एका शहामृगपालकाचे प्रकरण 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले होते. तो रोज चार लिटर आणि अधूनमधून दहा लिटरांपर्यंत कोला पीत असे, आणि रात्री कांगारूंच्या शिकारीला जाऊन आल्यानंतर स्नायू लुळे पडलेल्या अवस्थेत रुग्णालयात आला. दहा लिटरांत कॅफीन जवळपास एक ग्रॅम होते. त्याच्या बाबतीत कॅफीनच्या मात्रेवरून आरोप करणे सयुक्तिक आहे. त्याचे आणि मोनॅकोच्या स्त्रीचे प्रकरण एकाच यादीत, एकाच शीर्षकाखाली घालण्याची जी पद्धत पडली आहे, ती मात्र दिशाभूल करणारी आहे.

कॅफीन तेवढेच ठेवून बाकीचे घटक बदलले तर काय होते, हे पाहणारा एक प्रयोग 2017 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात 18 निरोगी स्वयंसेवकांना 320 मिलिग्रॅम कॅफीन असलेले ऊर्जापेय आणि तेवढेच कॅफीन असलेले दुसरे साधे पेय वेगवेगळ्या वेळी देऊन ईसीजी काढले. दोन तासांनी ऊर्जापेयाच्या गटात दुरुस्त क्यूटी सुमारे 10 मिलिसेकंदांनी अधिक लांबलेले आढळले. हा प्रयोग पोटॅशियमविषयी नव्हता आणि 10 मिलिसेकंद म्हणजे 610 नव्हे. पण पेयाचा परिणाम त्यातील कॅफीनच्या आकड्यावरून ओळखता येत नाही, एवढे त्यातून निश्चितपणे दिसते.

कोलाबंदीच्या निकालाचे वजन

कोला थांबवल्यावर आठवड्यात सर्व आकडे जागेवर आले, हा या प्रकरणातील सर्वांत बोलका पुरावा मानला जातो. त्याचे वजन आहे, पण मर्यादित. एकतर कोला थांबवला म्हणजे कॅफीन, साखर, फॉस्फोरिक आम्ल आणि त्यांनी अडवलेली जेवणातील जागा हे सारे एकदम थांबले. यांतील कोणी काय केले, ते या एका कृतीवरून वेगळे काढता येत नाही. दुसरे असे की इतकी खालावलेली पातळी आणि लांबलेले क्यूटी असलेल्या रुग्णाला पोटॅशियम देणे हा सर्वत्र मान्य उपचार आहे आणि रुग्णालयातील आहारातूनही ते मिळते, त्यामुळे पहिल्या आठवड्यातील सुधारणा सगळीच्या सगळी कोलाबंदीच्या नावे जमा करता येत नाही. खरा कस लागतो तो नंतरच्या महिन्यांत, जेव्हा पूरक औषधाशिवाय पातळी टिकून राहते. पुन्हा कोला देऊन पाहणे हा तर्काच्या दृष्टीने निर्णायक प्रयोग झाला असता, पण 610 क्यूटी नोंदले गेलेल्या व्यक्तीवर तो करणे कोणत्याही नीतीत बसणार नाही.

मोनॅकोच्या संशोधकांनी वैद्यकीय वाङ्मयात शोध घेतला तेव्हा अतिरिक्त कोलासेवनाशी जोडलेली सहा पूर्वप्रकरणे त्यांना सापडली. एवढ्या खपाच्या पेयाच्या तुलनेत ही संख्या नगण्य आहे. एकतर हा परिणाम खरोखर विरळ असेल, किंवा पोटॅशियम 3.2 वर आलेले असंख्य लोक थकवा आणि पोटऱ्यांतील गोळे यांखेरीज काही न जाणवता वावरत असतील आणि त्यांना कोणी पेयाविषयी विचारतही नसेल.

आपल्याकडील चौकशी

महाराष्ट्रात ऊर्जापेयांचा प्रश्न कॅफीनच्या अंगानेच चर्चेत आला. भारतीय अन्नसुरक्षा मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार कॅफीनयुक्त पेयात लिटरला 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफीन असावे लागते आणि दिवसाला 500 मिलिलिटरपेक्षा अधिक न पिण्याची सूचना वेष्टनावर छापावी लागते. जुलै 2024 मध्ये तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांपासून 500 मीटरच्या आत अशा पेयांच्या विक्रीवर बंदी आणण्याचे विधान परिषदेत जाहीर केले. साखरेचा भार आणि जेवणाची जागा हे विषय या नियमांच्या कक्षेत येत नाहीत.

आपल्या बाह्यरुग्ण विभागात ज्यांचे पोटॅशियम कमी आढळते, त्यांच्यात रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन ही मूत्रल औषधे घेणारे बरेच असतात. काहींच्या हाती साल्ब्युटामॉलचा पंप असतो. ही औषधे कॅफीनच्याच दोन मार्गांनी पोटॅशियम उतरवतात, म्हणून अशा व्यक्तीत दिवसाला सहा-सात कप चहा ही दुर्लक्षिण्याजोगी बाब राहत नाही. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शिकेत चहाच्या एका वाढपात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफीन धरले आहे. मात्र "चहा-कॉफी किती घेता" एवढाच प्रश्न विचारला, तर मोनॅकोची स्त्री त्यातून निसटली असती, कारण तिने कदाचित "घेतच नाही" असे खरेच उत्तर दिले असते. दिवसभरात पाणी किती पिता आणि ते पीत नसाल तर त्याऐवजी काय पिता, असे विचारावे लागते.

कारण कोणते, याचा निकाल लावणारी तपासणी स्वस्त आणि सोपी आहे, पण तिची वेळ साधावी लागते. पोटॅशियमची पहिली मात्रा देण्यापूर्वी लघवीचा एक नमुना घेऊन त्यातील पोटॅशियम व क्रिएटिनिन (स्नायूंतून येऊन लघवीत जाणारे टाकाऊ द्रव्य) यांचे गुणोत्तर काढतात. ते एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे साधारण 13 मिलिमोलच्या वर असेल, तर गळती मूत्रपिंडातून आहे आणि कॅफीन, मूत्रल औषधे, अल्डोस्टेरॉन हे पोटॅशियम लघवीत टाकायला लावणारे संप्रेरक किंवा गिटेलमनसारखे मूत्रपिंडाचे आनुवंशिक नलिकादोष यांच्याकडे वळावे. ते त्याखाली असेल, तर मूत्रपिंड पोटॅशियम राखण्याचे काम करत आहे आणि तूट आतड्यातून अथवा ताटातून आली आहे. अशा वेळी कोला पिणाऱ्याच्या बाबतीत कॅफीनपेक्षा साखरेची चौकशी आधी करावी. सोबत रक्तातील बायकार्बोनेट (आम्लता आवरणारा क्षार) पाहिले, तर ढाळेतून झालेली तूट आणि मूत्रल परिणामातून झालेली तूट आणखी वेगळी काढता येते, कारण पहिलीत रक्त आम्लतेकडे झुकते आणि दुसरीत अल्कलीकडे. मॅग्नेशियमही त्याच नळीतील रक्तात मोजून घ्यावे. ते कमी असल्यास कितीही पोटॅशियम दिले तरी मूत्रपिंड ते बाहेर टाकत राहते.